जंतांचा डबा आणि विहीणबाईंच्या पोळ्या

कराडहून ठाण्याला जाणं म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. सकाळी एसटीत बसलं की दिवस मावळायच्या आत माणूस तिथं पोचतो. पण परत आल्यावर आमच्या आळीतल्या लोकांनी "काय काय पाहिलंत?" असं विचारलं, मी "जंत" असं खरं उत्तर दिलं, आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेमुळे हे सगळं सविस्तर लिहावं लागतंय.

आधीच सांगतो, मी काळजीखोर माणूस आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी प्रीतिसंगमावरून घरी परत आलेलो आहे, तेही चहा बाहेर प्यायलेला असताना. लग्न केलं नाही. काळजी करायला माणसं कमी पडतात म्हणून दुसऱ्यांच्या माणसांची करतो.

बाळकुम

मुक्ता माझी भाची. माझी बहीण आता नाही. ती असती तर लेकीच्या सातव्या महिन्यात तीच ठाण्याला गेली असती. ती नाही म्हणून मामा गेला. जावईबापू कामासाठी हैदराबादला, मुक्ताचं ब्लडप्रेशर वाढलेलं, आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं. "टेन्शन अजिबात नको," असंही सांगितलेलं. आता टेन्शन घेऊ नको म्हटलं की ते कुठं ठेवायचं, हे मात्र कुठलाच डॉक्टर सांगत नाही.

ती राहते ठाण्यात बाळकुमला, एकोणिसाव्या मजल्यावर. आमच्याकडे एवढ्या उंचीवर घारी असतात. खिडकीतून खाडी दिसते, खाडीवरचा पूल दिसतो, आणि अगदी खाली बघितलं तर, जे मी एकदाच केलं, टॉवरांच्या पायाशी जुनं गाव दिसतं. कौलारू घरं, दोरीवर वाळत घातलेले बोंबील, कोंबड्या. लिफ्टमध्ये अत्तराचा वास आणि फाटकाबाहेर सुकटीचा. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना ओलांडून आपापल्या कामाला जातात.

मी पोचलो तेव्हा मुक्ता डाव्या कुशीवर पडून फोनवर बोलत होती आणि तिचा चेहरा उतरलेला होता.

"मामा, माझे वर्म्स जाणार."

"कोण जाणार?"

"जंत रे. माझ्या लॅबमधले."

जंत म्हटल्यावर मला शाळेत मिळायची ती गोड गोळी आठवली. मुक्ता म्हणाली, ते नव्हेत. हे मातीतले. एक मिलिमीटर लांब, कुजक्या फळांवर राहतात, जिवाणू खातात आणि दोन-तीन आठवड्यांत आयुष्य आटोपतं. डोंबिवलीला मानपाड्याच्या लॅबमध्ये बशीएवढ्या चपट्या काचपेट्यांत तिनं ते पाळलेले. त्या इमारतीची वीज दुरुस्तीसाठी काही दिवस बंद राहणार होती. बाकीच्यांनी आपापलं सामान हलवलं, हिचं तेवढं राहिलेलं.

"मरू देत की. माती कुठं कमी आहे?" मी म्हणालो. यावर तिनं ज्या नजरेनं पाहिलं, तीच नजर पुढं मला कराडात भेटली.

मग तिनं समजावून सांगितलं. मला कळलं तेवढं लिहितो. या जंतांच्या अंगात अंडी-बीज तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या काढून टाकल्या की जंताला पिल्लं होत नाहीत, पण तो कितीतरी जास्त जगतो, आणि रोगाचे जिवाणू खायला घातले तरी सहजासहजी आडवा होत नाही.

"म्हणजे मी शंभरी गाठणार," मी म्हणालो.

"तेवढं सोपं नाही. त्या पेशींसोबत आजूबाजूचा अख्खा अवयव काढला ना, तर आयुष्य वाढत नाही. नुसतं मूल नसून भागत नाही मामा. आतून शरीराला तसा निरोप जावा लागतो."

मला असा काही निरोप आल्याचं आठवत नव्हतं. गुडघ्यांना तर नक्कीच आलेला नव्हता.

तिच्या जंतांची गंमत अशी की ते गारव्यात वाढले तर पिल्लं घालतात. लहानपणी ऊब लागली तर त्या पेशीच वाढत नाहीत. जंत मोठे होतात, धडधाकट राहतात, भरपूर जगतात, पण वांझ. आणि तिनं वर्षानुवर्षं निवडून तयार केलेला जो वाण होता, तो गारव्यात पिल्लंही घालत होता आणि रोगालाही टिकत होता.

"दोन्ही जमतंय त्यांना," ती म्हणाली. "एकासाठी दुसरं सोडायला लागत नाहीये. निदान मला तसं दिसलंय. अजून कुणाला दाखवण्याइतकं काम झालेलं नाही." बोलताना तिचा हात पोटावर होता, ते तिच्या लक्षातही नसावं. "गोठवून ठेवलेले नमुने मागच्याच महिन्यात फ्रीजर बंद पडून गेले. आता जगात फक्त त्या काचपेट्यांतले आहेत."

कोपरीच्या एका कॉलेजात तिची मैत्रीण शिल्पा शिकवायची, तिच्याकडे थंड कपाट होतं. पण शिल्पा परीक्षांमध्ये अडकलेली. मी म्हणालो, मी आणतो. नाहीतरी त्या खिडकीजवळ बसून मला घाम फुटत होता.

"एकच गोष्ट," मुक्ता म्हणाली. "लॅबवाले डबा बर्फाच्या पिशव्या घालून देतील. शिल्पाकडे पोचेपर्यंत उघडायचा नाही. उघडलास की गारवा जातो. तू दर दहा मिनिटांनी बघणार, मला माहितेय. शपथ घे."

मी शपथ घेतली.

डोंबिवली

मानपाड्याला उतरलो तेव्हा कारखान्यांकडून कसलासा आंबूस वास येत होता. डोंबिवलीच्या माणसाला विचारलं तर म्हणतो, "वास? कसला?" हे गाव मोठं शिस्तीचं. रिक्षासाठी लोक रांगेत उभे राहतात आणि मध्ये घुसणाऱ्याला ओरडत नाहीत, नुसतं मराठी शिक्षकासारखं बघतात. मी घुसलो होतो म्हणून माहीत आहे.

लॅबमध्ये मला पांढरा थर्माकोलचा डबा मिळाला, सुतळीनं बांधलेला. मी तो पोटाशी धरला. तिथून निघून सरळ कोपरी गाठायची, हे शहाणपणाचं होतं. पण मुक्ताच्या सासूबाई तिथून पाच मिनिटांवर राहतात, आणि डोंबिवलीत येऊन विहिणीकडे न जेवता जाणं म्हणजे पुढं बारशापर्यंत ऐकून घेणं.

विहीणबाईंचं घरगुती पोळी-भाजी केंद्र आहे. आमच्याकडे घरात बाई असताना पोळ्या विकत आणल्या तर शेजारी तब्येतीची चौकशी करायला येतात. इथं नोकरीवरून परतणारं माणूस पर्समधून पिशवी काढतं आणि "आठ पोळ्या, एक मटकी" म्हणतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. तळमजल्याची जागा, आत दोन बायका पोळ्या लाटताहेत, विहीणबाई स्वतः तव्यापाशी, आणि दाराजवळ मोठ्या ऑर्डरीसाठी पांढरे थर्माकोलचे डबे रचून ठेवलेले. आत पोळ्या ठेवल्या की तासन् तास वाफ टिकते.

"या मामा. हे काय आणलंत?"

दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्या पोळ्यांच्या घरात, त्या गिऱ्हाइकांसमोर, "जंत आहेत" हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. आपल्यामुळे बाईंचा धंदा बसायला नको.

"मुक्ताचं सामान आहे," मी म्हणालो, आणि डबा माठाजवळ गार फरशीवर ठेवला.

जेवायला वालाचं बिरडं, काकडीची कोशिंबीर आणि गूळ घातलेली आमटी. आमच्या आमटीनं डोळ्यांत पाणी येतं, हिनं झोप येते. मी भाड्याची गाडी मागवली होती. विहीणबाई म्हणाल्या, "गाडी येईपर्यंत जरा पडा." मी नको नको म्हणत पडलो आणि मला डोळा लागला. गाडीवाल्याचा फोन आला तेव्हा धडपडत उठलो. विहीणबाईंनी डबा स्वतः उचलून माझ्या हातात दिला.

"सांभाळून न्या. आणि पोचल्यावर लगेच उघडा हं."

एक म्हणते उघडू नको, दुसरी म्हणते लगेच उघडा. मी दोघींनाही हो म्हटलेलं.

शिळफाटा

शिळफाट्याला गाड्या अशा तुंबलेल्या की ड्रायव्हरनं इंजिन बंद करून चपला काढल्या. डबा माझ्या मांडीवर. ऊन खिडकीतून आत येत होतं म्हणून मी पंच्यानं डबा झाकला. तुपाचा, भाजलेल्या कणकेचा वास येत होता. मला वाटलं, कपड्यांना लागला असेल. मांडी कोमट लागत होती. मला वाटलं, ऊन असेल. काळजीखोर माणसाची हीच तर गोची असते. तो इतक्या वेळा उगाच घाबरलेला असतो की खरोखर घाबरायची वेळ आली तेव्हा स्वतःला दटावतो.

तरी माझा हात सुतळीकडे गेला. मग शपथ आठवली. हात मागे घेतला.

ड्रायव्हर बाळकुमच्या बाजूचाच होता. आरशातून त्याचं लक्ष होतं.

"बाबा, डब्यान म्हावरा हाय का?"

"नाही हो."

"मंग कं हाय?"

"भाचीचं सामान आहे."

"एवरा जपून धरलाव, मना वाटला पापलेट हाय."

तो हसला. मी हसलो नाही. भाचीच्या पोटात एक जीव, माझ्या मांडीवर किती ते ठाऊक नाही, आणि पुढचा ट्रक हलायचं नाव घेईना.

कोपरी

शिल्पानं सुतळी सोडली, झाकण उचललं आणि आमच्या दोघांच्या चष्म्यांवर वाफ धरली.

वर स्वच्छ पंच्यात बांधलेल्या पोळ्या होत्या, चांगली मोठी चवड, प्रत्येकीला तूप लावलेलं. कडेला शिऱ्याचा डबा. त्यांच्याखाली, कागदात गुंडाळलेल्या काचपेट्या. बर्फाच्या पिशव्यांचा पत्ता नाही.

शिल्पानं आत थर्मामीटर घातला, वाचला, आणि परत वाचला. मग पेट्या सूक्ष्मदर्शकाखाली लावल्या. बराच वेळ बघितल्यावर ती बाजूला झाली आणि मला म्हणाली, "बघा काका."

मी बघितलं. काचेसारखे पारदर्शक, शेवयांच्या तुकड्यांएवढे दिसणारे जीव, वळसे घेत सरपटत होते. लहान, अगदी इवलेसे, आणि मध्ये काही न फुटलेली अंडी. सगळे चपळ. माझा जीव भांड्यात पडला.

"जिवंत आहेत की."

"तोच तर प्रॉब्लेम आहे. बघून काही कळणारच नाही. ऊब लागलेली पिल्लं छान वाढतील, उलट जास्तच तब्येतीत दिसतील. चार-पाच दिवसांनी अंडी घालायची वेळ येईल आणि तेव्हा कळेल."

"काय कळेल?"

"घालतात की नाही ते. नाही घातली तर हे सगळे मस्त म्हातारे होतील आणि विषय संपला."

मुक्ताला आत्ता सांगायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं. ब्लडप्रेशर. मी जिन्यात जाऊन विहीणबाईंना फोन लावला.

"पोळ्या पोचल्या का?" त्यांनी आधीच विचारलं. "मुक्ताकडेच जाणारा डबा, म्हणून त्यातच घातल्या. आत बर्फ भरून ठेवलेला कुणीतरी. म्हटलं पोळ्या निवतील, म्हणून पिशव्या काढून फ्रीजरला ठेवल्यात. पोरीला गरम खायला मिळू दे. आत्ताच तिच्याशी बोलले, म्हटलं पाठवल्यात."

मी त्यांना सांगितलं, त्या डब्यात काय होतं ते. पलीकडे लाटण्यांचा आवाज येत होता, तोही थांबल्यासारखा वाटला.

"माझ्या पोळ्यांखाली जंत होते?"

"हो."

"अहो मामा, मग सांगायचं नाही का?" आणि लगेच, आवाज बदलून, "तिच्या कामाचं नुकसान झालं का हो काही?"

मी म्हणालो, बहुतेक झालंय. त्या रडायला लागल्या. मला रडणाऱ्या बाईशी फोनवर काय बोलतात ते माहीत नाही. मी "हं, हं" म्हणत जिन्यात उभा राहिलो.

शिल्पा म्हणाली, जंत निरुपद्रवी आहेत, पेट्या बंद होत्या, तरी गरोदर बाईला लॅबमधून आलेलं काही द्यायला नको. म्हणून त्या पोळ्या मुक्ताकडे न्यायच्या नाहीत. त्या मी कॉलेजच्या कचरापेटीत टाकल्या. एवढ्या मऊसूत पोळ्या मी आयुष्यात फेकलेल्या नाहीत.

पुन्हा बाळकुम

"आईंनी पोळ्या पाठवल्यात ना?" मुक्तानं पलंगावरूनच विचारलं.

"मी खाल्ल्या."

"सगळ्या?"

"शिळफाट्याला अडकलो. भूक लागलेली."

"गरम होत्या?"

"हो, बऱ्यापैकी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं झालं" म्हणाली आणि कूस वळवून पडली. मला वाटलं, सुटलो.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगायला फार काही नाही, आणि तरी तेच आठवतात. मी तलावपाळीला चकरा मारायचो, लोक नावेत बसून फोटो काढायचे, आणि मला प्रत्येक पोट पुढं आलेली बाई बघून मुक्ताचं ब्लडप्रेशर आठवायचं. सकाळी कोपरीला जाऊन यायचो. शिल्पा पेट्या दाखवायची. पिल्लं वाढत होती, जाड होत होती, काय दृष्ट लागण्यासारखी तब्येत. मी नवी अंडी शोधायचो. अंडी नव्हती.

एका सकाळी शिल्पानं मला एक पेटी दाखवली नाही. मी आग्रह केला. एक मोठी जंतीण निपचित पडलेली होती, आणि तिच्या आत काहीतरी वळवळत होतं.

"हाल झाले की कधीकधी अंडी बाहेर पडतच नाहीत," शिल्पा म्हणाली. "पोटातच फुटतात. मग पिल्लं आईला आतून खाऊन बाहेर येतात."

मी डोळा सूक्ष्मदर्शकावरून बाजूला केला. शिल्पानं पाणी दिलं. "काका, ही चांगली बातमी आहे. ऊब लागली तेव्हा ही अंड्यात होती. त्या पेशी वाढायला लागतात त्या जन्मल्यावर. कदाचित तेव्हा अंड्यात असलेली वाचलीत." तिनं ती पिल्लं एकेक करून नव्या पेटीत उचलली आणि थंड कपाटात ठेवली. एका आईची. तेवढीच आशा होती. बाकी पेट्यांमधले पैलवान अंडी न घालता फिरतच होते.

त्या संध्याकाळी मुक्ताचं ब्लडप्रेशर घेताना यंत्राचा पट्टा फुगला तसा माझाही श्वास अडकला. आकडा कालच्यापेक्षा कमी होता. मी बाल्कनीत जाऊन डोळे पुसले. खाली बघितलं नाही.

विहीणबाई रोज सकाळी फोन करायच्या, आणि दबक्या आवाजात एकच विचारायच्या, "अंडी दिसली का?" ज्या बाईला तांदळात सोंडा दिसला तर जेवण जायचं नाही, ती हे विचारत होती. एक दिवस म्हणाल्या, "टिटवाळ्याच्या गणपतीला बोललेय मी." जंतांना संतान व्हावं म्हणून नवस बोललेली ती जगातली पहिलीच बाई असावी. गणपतीनं काय समजून घेतलं असेल कुणास ठाऊक. एक दिवसाआड त्या बाळकुमला येऊनही जायच्या. स्टीलच्या डब्यात पोळ्या आणायच्या, पार निवलेल्या, आणि सुनेच्या नजरेला नजर न देता स्वयंपाकघरात भांडी आवरत राहायच्या.

जायच्या आदल्या दिवशी शिल्पानं फोन केला. मी कोपरीला पोचलो तर ती दारात उभी. त्या नव्या पेटीत, त्या खाल्ल्या गेलेल्या आईच्या पोरी मोठ्या झालेल्या, आणि त्यांच्या आजूबाजूला जेलीवर बारीक, लांबुळकी, नीटनेटकी अंडी पडलेली. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मला दिसेनासं झालं होतं, तो सूक्ष्मदर्शकाचा दोष नव्हता.

घरी आलो तेव्हा विहीणबाई आलेल्या होत्या. मी त्यांना डोळ्यांनीच सांगितलं. त्यांनी हातातली पातेली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला.

मुक्तानं आतून हाक मारली. "मामा, अंडी घातली ना?"

आम्ही दोघं दारात खांबासारखे.

"शिल्पा बोलली वाटतं?" मी म्हणालो.

"कुणी बोललं नाही. आईंचा फोन आलेला त्या दिवशी, मामांच्याच डब्यात गरम पोळ्या पाठवल्यात म्हणून. आणि तू म्हणालास सगळ्या खाल्ल्यास. मामा, तुला जन्मात तिसरी पोळी गेलेली नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"डॉक्टर म्हणाले टेन्शन नको. तुम्ही दोघं घेत होता ना माझ्या वाटचं." तिनं उशी सरळ केली. "जंतांतली कुठली आई वाचली?"

त्या आईचं काय झालं ते हिला कसं सांगायचं? "पिल्लं छान आहेत," एवढंच म्हणालो.

मुक्ताला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिनं परत विचारलं नाही. नुसता हात पोटावर ठेवला, या वेळी समजून उमजून, आणि विहीणबाईंनी पुढं होऊन त्या हातावर आपला पोळ्या भाजणारा हात ठेवला. मी काळजीखोर माणूस, पण त्या क्षणी कसली काळजी करायची तेच मला आठवेना.

मग मुक्तानं शेजारचा स्टीलचा डबा उघडला, वरची पोळी बोटानं दाबून बघितली आणि म्हणाली, "आई, इतके दिवस गार पोळ्या खातेय मी. उद्यापासून गरम आणा. फक्त डबा तुमचा आणा."